संपर्क तुटला

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा तेच. दहा पस्तीसला पहिला फोन, दहा चाळीसपर्यंत नऊ झाले. "मॅडम, पान उघडत नाहीये." "मॅडम, नुसतं गोल गोल फिरतंय." आमच्या बेचाळीस नर्स सकाळी आठपासून घरोघर फिरत असतात. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इन्शुलिन, कुणाची लघवीची नळी. पेशंटची सगळी माहिती फोनवरच्या पानावर बघायची आणि जे केलं ते तिथेच नोंदवायचं. ते पान माझं. त्या पेशंटच्या उशाशी उभ्या, आणि माझं पान फिरतंय!

खाली मशीनच्या खोलीत जाऊन पाहिलं. पान दाखवणारा वेब सर्व्हर ठणठणीत. नोंदी सांभाळणारं डेटाबेसचं मशीन, तेही ठणठणीत. फक्त दोघांचं आपसात बोलणं बंद. रुसलेले व्याही एका खोलीत बसावेत तसे. लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतःच लिहीत जातं त्या नोंदवहीत, एकच ओळ, दोनशे अकरा वेळा – डेटाबेसशी संपर्क तुटला. का तुटला ते सांगायची तसदी नाही.

दोन्ही बंद केले, चालू केले. चाललं. माझ्यामुळे चाललं की आपलं आपणच, कळायला मार्ग नाही.

मोठ्या मॅडम दारात उभ्या. संस्था त्यांनी उभी केलेली, त्यामुळे त्या आत येत नाहीत, दारातूनच विचारतात. "तुम्ही तर लिहून दिलं होतंत ना, सिस्टिममध्ये दोष नाही म्हणून?"

दिलं होतं. सतरा फेब्रुवारीला, सहीनिशी. त्यावर आज लिहायची इच्छा नाही.

बुधवार, ५ मार्च

एकही फोन नाही. शांततेचा राग येतो. बिघाड समोर दिसला तर धरता येतो. लपून बसला की आपणच त्याच्या मागे घरभर.

डेटाबेसशी एका वेळी किती जणांनी बोलायचं याची मर्यादा शंभर होती, ती तीनशे केली. उत्तराची वाट बघायची मुदतही वाढवली. म्हणजे ताप कशाचा ते न कळता गोळी द्यायची, त्यातला प्रकार. पण हाताला काम मिळालं. मॅडमना सांगून टाकलं, "बहुतेक झालं."

घरी भाजी करपली. नवऱ्याने करपलेली बाजूला काढून उरलेली खाल्ली.

गुरुवार, ६ मार्च

झालं नव्हतं.

दहा वीस. या वेळी मी खुर्चीत तयारीत बसले होते. पहिला फोन वाजला तशी वेब सर्व्हरवरून डेटाबेसच्या पत्त्यावर हाक मारली. त्यासाठी एक साधी आज्ञा असते, आहेस का एवढंच विचारणारी. उत्तर आलं – आहे. पुन्हा विचारलं – आहे. मग एक नोंद मागितली तर संपर्क तुटला. म्हणजे दारात उभं राहून "मी घरातच आहे" म्हणायचं आणि पाहुण्याला आत घ्यायचं नाही.

सहा-सात मिनिटं हे चाललं. मग सगळं सुरळीत. अकराच्या सुमाराला पुन्हा तेवढाच वेळ गोंधळ, पुन्हा सुरळीत. मधल्या वेळात दोघी-तिघींनी एवढंच कळवलं की पान परत पासवर्ड मागतंय. "मग द्या," म्हटलं.

दुपारी जेवायला बसले आणि दोन घासांत उठले. बसवत नाही. उभं राहवत नाही. जिन्यावरून विनाकारण दोनदा वर-खाली केलं. शेवटी पहारेकऱ्याने विचारलं, काही हरवलंय का.

शुक्रवार, ७ मार्च

संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेले आणि काउंटरमागे घड्याळ उभी!

तिला सगळे घड्याळच म्हणायचे. बाकीच्या नर्स नोंद करताना साधारण अकरा लिहितात, ही दहा अठ्ठेचाळीस लिहायची. नोकरीची अठरा वर्षं त्यात गेली. आता दुसऱ्या कुणाचा तरी ढगळ कोट घालून गोळ्यांची पाकिटं मोजतेय.

"बोला मॅडम, काय देऊ?"

डोकेदुखीची गोळी मागितली. तिने दिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "उपाशीपोटी घेऊ नका. झोप होतेय ना?" मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, पिशवी आतच राहिली. परत जायचा धीर झाला नाही.

आता लिहायलाच हवं.

शिंपीकाका म्हणून पेशंट होते. तीन वर्षं आमच्याकडे. हृदय कमकुवत, दर गुरुवारी वजन, बीपी, पायांची सूज बघायची. घरात ते आणि त्यांची मुलगी. ती कामावर जाते, दिवसभर काका एकटे. सहा फेब्रुवारीच्या गुरुवारी घड्याळची पाळी होती. आठ तारखेला सकाळी मुलगी चहा घेऊन गेली तर काका गेलेले. छातीत पाणी साठत आलं होतं, चार दिवस तरी झाले असतील, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी आमच्याकडे आली. ओरडली नाही. म्हणाली, "गुरुवारी कुणी पाहिलं कसं नाही?"

पानावर गुरुवारची भेटच नव्हती.

सतरा तारखेला बैठक झाली. घड्याळ म्हणाली, "मी गेले होते. सूज होती, वजन वाढलं होतं. लाल खूण करून नोंद केली. जतन झाली असं आलंसुद्धा." लाल खूण केली की ती नोंद थेट आमच्या डॉक्टरांच्या यादीत वर जाते. त्यांच्या यादीत काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मग फोन का नाही केला डॉक्टरांना?" ती म्हणाली, "लाल खूण केली की फोन करायचा नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

मग सगळे माझ्याकडे वळले. मी सगळं तपासून गेले होते. सहा फेब्रुवारी, शिंपीकाका, नोंद नाही. नोंद पुसल्याची खूणही नाही. त्या सकाळी संपर्क तुटल्याच्या काही ओळी लॉगमध्ये होत्या, पण तशा पाच-दहा ओळी कुठल्याही आठवड्यात सापडतात. मी म्हणाले, "माणूस विसरतो. डेटाबेस विसरत नाही." अगदी हेच शब्द. आणि कागदावर सही केली. त्याची एक प्रत काकांच्या मुलीला गेली.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली बघितलं. पुढे काही बोललीच नाही. गप्प बसली म्हणजे चूक कबूल आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो, आणि तिला कामावरून काढलं.

शनिवार, ८ मार्च

पुन्हा. दहा दहा ते दहा पंधरा, आणि मग पावणेअकरा.

केबलवाल्याला बोलावलं होतं. त्याने दोन्ही मशीनच्या केबल बदलल्या, सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाला, "माझ्या बाजूने क्लिअर आहे." या माणसाच्या बाजूने आजवर काहीही अडलेलं नाही. त्याच्या लग्नाची तारीखही पुढे ढकलली गेली होती, तेव्हाही त्याच्या बाजूने क्लिअरच होतं म्हणे.

तो गेल्यावर दीड महिन्याचे लॉग कागदावर उतरवले. पेन्सिलने. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सोम-बुध-शुक्र स्वच्छ. आधी कसं दिसलं नाही? जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून हेच, आधी थोडं, मग वाढत गेलेलं. मशीनला वार कळत नाही. वार माणसांना कळतो.

सहा फेब्रुवारीला गुरुवार होता.

पेन्सिल खाली ठेवली. कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. मग पुन्हा काढला.

रविवार, ९ मार्च

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. वीस वर्षं तेच. सकाळी गॅलरीत दाढी करत होता, तिथे जाऊन त्याला कागद दाखवला. त्याला डेटाबेसमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच दाखवला.

"लिफ्ट अडकली की तू आधी काय बघतोस?"

"लिफ्ट सोडून सगळं," तो म्हणाला. "लोक सांगतात लिफ्ट खराब आहे. मी विचारतो, अडकली तेव्हा इमारतीत काय चालू झालं होतं? कुणी पाण्याची मोटर लावली, कुणी वेल्डिंग काढलं? लिफ्ट बिचारी मधल्यामध्ये बदनाम होते."

"आमच्याकडे कोण काय चालू करणार?"

"ते मला काय विचारतेस? जाऊन बघ ना. आणि हे बघ, दोनदा अडकतं म्हणतेस. एकदा चालू करताना, एकदा बंद करताना. मधे कुणीतरी अर्धा तास काहीतरी वापरतंय."

गालाला साबण लावलेला माणूस. पाच मिनिटांत एवढं बोलला. मी पंधरा दिवस त्या खोलीत बसून आहे.

सोमवार, १० मार्च

इमारतभर फिरले. मंगळ-गुरु-शनि सकाळी तुम्ही काय चालू करता, असं प्रत्येकाला विचारलं. फोन घेणारी मुलगी म्हणाली पंखा. अकाउंटवाले म्हणाले, आम्ही काहीच चालू करत नाही, आमचं सगळं बंदच असतं. स्टोअरवाल्या काकांचं दार लावलेलं, ते सोमवारी सामान आणायला जातात.

उद्या मंगळवार. इतकी कधी मंगळवारची वाट पाहिली नव्हती.

मंगळवार, ११ मार्च

दहा वाजता बसले. या वेळी एक वेगळी गोष्ट बघायची ठरवली होती. आमच्या जाळ्यातल्या प्रत्येक मशीनला आपण पत्ता देतो, तो बदलता येतो. पण कारखान्यातून येतानाच प्रत्येकाला एक क्रमांक मिळालेला असतो, तो त्याच्या जन्मखुणेसारखा, सहसा बदलत नाही. डेटाबेसच्या पत्त्यावर हाक मारायची आणि ओ देणाऱ्याचा क्रमांक बघायचा, एवढंच. दर दहा सेकंदांनी.

दहा सतरापर्यंत एकच क्रमांक. दहा अठराला फोन वाजला आणि पडद्यावर क्रमांक बदलला.

पत्ता तोच. घरातला माणूस दुसरा.

फोन वाजू दिले. केबलच्या पेटीपाशी गेले, हा नवा क्रमांक कुठल्या केबलवरून येतोय ते काढलं. सतरा नंबर. सतरा नंबरची केबल भिंतीतून मागे जाते, कॉरिडॉरच्या छताला लागून, वळते आणि स्टोअरच्या दारावरून आत. मी मान वर करून चालत होते, कुणाशी तरी धडकले, सॉरी म्हणायचं राहिलं.

स्टोअरमध्ये वाफ. काकांनी स्टरिलायझर लावला होता. कात्र्या-चिमटे वाफेत उकळून काढायचं मोठं पिंप. आधी ते खालच्या मजल्यावर होतं, तिथे पाणी गळायला लागलं म्हणून जानेवारीअखेर इकडे हलवलं. आठवड्यातून तीन दिवस.

"काय झालं बाई, धावत आलात?"

"काका, हे कुठल्या बटणावर चालतं?"

"हा काय, बोर्ड. एकच बटण. चालू करायचं, काम झालं की बोर्डच बंद करायचा. उगाच कशाला वीज जाळायची."

त्याच बोर्डातून आणखी एक वायर निघून मांडणीच्या वरच्या खणात गेली होती. स्टूल घेतलं, चढले. जुन्या चादरी बाजूला केल्या. चादरींखाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

आमचा जुना डेटाबेस. दीड वर्षापूर्वी नवीन मशीन आणलं तेव्हा मीच सगळ्या नोंदी नव्यावर नेल्या, आणि वेब सर्व्हरला काही बदलायला नको म्हणून नव्याला जुन्याचाच पत्ता दिला. जुनं बंद केलं. आठवडाभर असू दे, काही राहिलं असेल तर बघता येईल, म्हणून वरच्या खणात ठेवलं. केबलसकट. वीज आली की आपोआप चालू व्हायचं, हेही त्याला मीच सांगून ठेवलं होतं, फार पूर्वी. त्याने ऐकलं.

काकांनी बटण दाबलं की हा जागा होतो, मी इथे आहे असं सगळ्यांना सांगतो, आणि वेब सर्व्हर भाबडेपणाने याच्याकडे वळतो. नव्याशी चाललेलं बोलणं तुटतं, तो पहिला गोंधळ. काका बटण बंद करतात, तो दुसरा.

केबल ओढून काढली. खटका दोनदा दाबावा लागला.

मग स्टुलावरच बसले. पहिला गोंधळ कळला, दुसरा कळला. पण मधला अर्धा तास? त्या अर्ध्या तासात तर सगळं सुरळीत चालत होतं. नर्स नोंदी करत होत्या, जतन झालं असं येत होतं. कुठे जतन झालं?

काका म्हणाले, "पाणी देऊ का बाई? रंग उडालाय तुमचा."

बुधवार, १२ मार्च

जुनं मशीन माझ्या टेबलावर आणलं, सगळ्यांपासून तोडून. चालू केलं. आठवड्यातून तीनदा खाडकन वीज तोडलेली, त्यामुळे ते आधी स्वतःलाच तपासत बसलं. तासभर. पडद्यावर रेघा सरकत होत्या. उघडलंच नाही तर? उघडलं तर?

अकरा वाजता उघडलं.

जानेवारीअखेरपासून त्रेसष्ट नोंदी. सगळ्या जुन्या पेशंटच्या, जे दीड वर्षापूर्वीही आमच्याकडे होते. नव्या पेशंटला हे मशीन ओळखतच नाही, त्यांच्या नोंदी ते परत पाठवायचं, नर्स त्या नंतर पुन्हा भरायच्या. ओळखीच्यांच्या मात्र ठेवून घ्यायचं. बहुतेक किरकोळ – टाके काढले, ड्रेसिंग बदललं. त्रेसष्टांपैकी तिघांच्या नोंदीला लाल खूण. दोघं आज बरे आहेत, आधी तेच बघून घेतलं.

तिसरी:

सहा फेब्रुवारी, दहा एकावन्न. शिंपीकाका. वजन अडीच किलो जास्त. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत सूज. दम लागतोय, दोन उशा लागतात. डॉक्टरांनी आजच पाहावे. खाली शेरा – पेशंट मशीनवर बसून शिवत होते. उठवून कॉटवर बसवले, पाय वर ठेवायला सांगितले. गप्पा मारल्या. मुलीच्या नव्या कुर्त्याला काज करायचे राहिले म्हणून घाई करत होते. अर्धा तास थांबले.

ती गेली होती. तिने केलं होतं. लाल खूण करून ठेवली होती, आणि ती खूण पाच आठवडे चादरींखाली पडून होती.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत आले. पुन्हा वाचलं. परत गेले.

गुरुवार, १३ मार्च

मोठ्या मॅडमसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मी सगळं सांगितलं. जुनं मशीन, पत्ता, स्टूल, सगळं. चूक माझी हेही.

कागद खाली ठेवून म्हणाल्या, "सिस्टरना परत घेऊ. आजच फोन करते, मी स्वतः. त्यांची माफी मागते."

"आणि शिंपीकाकांची मुलगी?"

"तिला काय सांगणार?" त्या ओरडल्या नाहीत. थकल्यासारख्या दिसल्या. "तुझे वडील वाचू शकले असते, आमच्या मांडणीवर एक मशीन राहून गेलं, असं? सांगून ते परत येणार आहेत का? बेचाळीस बायकांची घरं या संस्थेवर चालतात. विचार करा."

विचार केला. त्यांचं सगळंच चूक आहे असं म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत. पण त्या मुलीच्या डोक्यात गेला महिनाभर काय चाललं असेल? आणि आमचा कागद तिच्या घरात आहे. माझ्या सहीचा.

शुक्रवार, १४ मार्च

शिंपीकाकांच्या मुलीला तीन ओळींचं पत्र. चार तास लागले.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "नोकरी जाईल?" म्हटलं, जाऊ शकते. तो म्हणाला, "जाऊ दे. हे वाक्य मात्र सरळ कर. 'दोष राहून गेला असण्याची शक्यता' काय? राहून गेला ना? तसं लिही."

सरळ केलं.

शनिवार, १५ मार्च

सकाळी मॅडमना पत्राची प्रत दिली. म्हटलं, "मी आज जातेय. तुम्हाला न सांगता जायचं नव्हतं." त्या खिडकीकडे बघत होत्या. "जा," एवढंच म्हणाल्या. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "थांबा. पत्रावर माझीही सही घ्या."

याची कल्पनाच केली नव्हती.

दुसरा मजला. दार मुलीनेच उघडलं. ओळखलं, बाजूला झाली. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर कापड झाकलेलं. मी बसले नाही. बसून सांगण्यासारखं नव्हतं. पत्र हातात दिलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. नर्स आल्या होत्या. नोंद केली होती. ती डॉक्टरांपर्यंत पोचली नाही, ती माझ्या चुकीमुळे. सतरा तारखेला मी जे लिहून दिलं ते खोटं होतं. मला ते माहीत नव्हतं, पण खोटंच होतं.

तिने हात पुढे केला. मी नोंदीचा कागद दिला. वाचता वाचता ती खाली बसली.

"अर्धा तास थांबल्या?"

"हो."

"गप्पा मारल्या?"

"तसं लिहिलंय. त्यांच्या नोंदीत कधी इकडचं तिकडे होत नाही."

तिने कागद मांडीवर ठेवला, हाताने सरळ केला. "मला वाटत होतं, बाबा दिवसभर दाराकडे बघत बसले आणि कुणी आलंच नाही. रोज कामावर जाताना कुलूप लावते ना, तेव्हा तेच डोळ्यांसमोर यायचं." मग म्हणाली, "तो कुर्ता पूर्ण आहे. काजं केलेली आहेत. मला वाटलं, आधीच केली असतील."

नंतर ती रडली. नंतर चिडली. मला म्हणाली, "तुम्ही लोक एक केबल काढू शकला नाहीत?" तक्रार करणार का, विचारलं नाही. तो तिचा हक्क आहे. निघताना म्हणाली, "त्या सिस्टरना मी फोन केला होता तेव्हा. वाटेल ते बोलले. त्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

दिला. जिना उतरले, आणि बऱ्याच दिवसांनी विनाकारण पुन्हा वर-खाली करावंसं वाटलं नाही.

घड्याळला मी अजून फोन केलेला नाही. मॅडमनी केला. ती सोमवारपासून येतेय. तोंडावरच बोलेन, फोनवर नाही, असं स्वतःला सांगितलंय. खरं म्हणजे धीर होत नाही.

सोमवार, १७ मार्च

आली. आठला पाच कमी असताना. मी उठून तिच्यापर्यंत गेले, माफी मागितली. पाठ केलेलं सगळं विसरले, तरी मागितली.

ती म्हणाली, "मशीनमधलं मला काय कळतं? पण मी तुम्हाला सांगितलं होतं ना."

"कधी?"

"त्याच दिवशी. शिंपीकाकांच्या दारातून बाहेर पडले आणि फोन केला. म्हटलं, मॅडम, पान अडकत होतं आणि काकांच्या मागच्या नोंदी सगळ्या दीड वर्षापूर्वीच्या दिसताहेत, हे कसं? तुम्ही घाईत होतात. म्हणालात, जतन झालं असं आलं ना, मग झालं."

फोन काढला. खाली खाली सरकवत गेले. सहा फेब्रुवारी, दहा त्रेपन्न. एक मिनिट चार सेकंद.

"बैठकीत का नाही बोललात?"

"तुम्ही समोर बसला होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."